उभं राहण्याची जागा

डिसेंबर लागला की बेंगळुरूच्या फुटपाथवर अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांचे ढीग दिसू लागतात. इथली थंडी कॅलेंडरवरून कळत नाही, या ढिगांवरून कळते. शेंगा हिरव्या, जाडसर, अंगावर चिकट तेलाचा हात फिरवल्यासारख्या. त्यांना एक उग्र वास असतो. बायका शेंग नाकाशी नेऊन बघतात आणि वास नसला तर परत ढिगात टाकतात. सोललेल्या दाण्यांचा तो वास बोटांना दोन-दोन दिवस राहतो, साबणाला दाद देत नाही.

मी व्हाइटफील्डला अकराव्या मजल्यावर राहतो. तिथं खिडकी उघडली तर धुरळा येतो आणि गाड्यांचे हॉर्न येतात, वास कसलाच येत नाही. पण यंदा सोसायटीच्या फाटकाबाहेर एक हातगाडी उभी राहिली, आणि परवा सकाळी फिरून येताना तो वास एकदम घशाशी आला. लोकांना त्यानं जेवण आठवतं. मला १९९६चा हिवाळा आठवतो, आणि ओल्या गवतावर पडलेली चष्म्याची एक काच.

त्याच दिवशी आमच्या मजल्यावरचा अमोघ लिफ्टपाशी भेटला. पुण्याचा मुलगा, तिशीतला, आयटीतला. म्हणाला, "काका, तुम्ही पूर्वी गोल्फ खेळायचात ना? शनिवारी आमच्या ऑफिसचा गोल्फ डे आहे आणि मी आयुष्यात क्लब हातात धरलेला नाहीये. निदान तिथं हसं होणार नाही एवढं तरी सांगा."

मी त्याला सगळ्यात आधी उभं कुठं राहायचं ते सांगितलं. दुसरा कोणी टीवरून, म्हणजे जिथून खेळ सुरू करतात त्या छोट्या सपाट हिरवळीवरून, चेंडू मारत असेल तर त्याच्या पाठीशी थांबायचं नाही. चेंडू ज्या रेषेत जाणार त्या रेषेत थांबायचं नाही. त्याच्या समोरच्या बाजूला, चांगलं अंतर सोडून, चेंडूच्या थोडं मागच्या अंगाला थांबायचं. आपली सावली चेंडूवर पडू द्यायची नाही. हलायचं नाही, बोलायचं नाही.

"म्हणजे शाळेतली प्रार्थनाच," अमोघ म्हणाला आणि लिफ्टनं खाली गेला. एवढी वर्षं झाली, पण एकाही शब्दाला न अडखळता मी ते सगळं म्हणून दाखवलं होतं. मला माझीच शिसारी आली.

हे नियम मला आमच्या जीएमनी शिकवले होते. बोम्मसंद्र्यात यंत्रांचे सुटे भाग बनवणारा आमचा कारखाना होता. मी निर्यात विभागात नवा लागलेला, नागपूरहून आलेला, सत्तावीस वर्षांचा. माझं इंग्रजी बरं होतं, आणि बाहेरचे पाहुणे आले की जीएमना रविवारी सकाळी गोल्फला चौथा माणूस लागायचा. शहराच्या उत्तरेला, हेब्बाळच्याही पलीकडे, निलगिरीच्या झाडांत नऊ होलचं एक साधं मैदान होतं. तिथं ते मला घेऊन जाऊ लागले. कारखान्यात माझ्यापेक्षा दहा-दहा वर्षं जुनी माणसं होती, त्यांना कधी बोलावणं आलं नव्हतं. मी घरी पत्र लिहिलं तेव्हा ही गोष्ट पहिल्या ओळीत लिहिली.

जीएम वाईट माणूस नव्हते. हे मला सांगायलाच हवं, कारण ते वाईट असते तर पुढचं सगळं मला सोपं गेलं असतं. ते शिस्तीचे होते. माझा खेळ कसा का होईना, त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. वागण्याबद्दल मात्र बोलायचे. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी ते टीवर मारायला उभे असताना माझ्या खिशातल्या स्कूटरच्या किल्ल्या वाजल्या. त्यांचा फटका चुकला. ते वळले आणि बाकीच्या दोघांदेखत अगदी शांत आवाजात म्हणाले, की माणसाला खेळता नाही आलं तर चालतं, गप्प उभं राहता आलंच पाहिजे. ते जमत नसेल तर पुढच्या रविवारपासून यायची तसदी घेऊ नये. उरलेल्या आठही होलवर मी किल्ल्या मुठीत आवळून चालत होतो. तळहातावर दात्यांचे ठसे उमटले होते, ते दुपारपर्यंत गेले नाहीत.

आता श्रीपाद अण्णांबद्दल सांगतो.

अण्णा आमच्या कारखान्याच्या तपासणी विभागाचे प्रमुख. तेव्हा पन्नाशीला आलेले. त्यांचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर महाराष्ट्रातून इकडे उतरलेलं आणि इथलंच झालेलं. घरात मराठी बोलायचे, पण ती मराठी ऐकून मी पहिल्यांदा चक्रावलो होतो. कंपनीच्या बसमध्ये, मल्लेश्वरम ते बोम्मसंद्रा दीड तासाच्या रस्त्यावर, मी पुढच्या सीटला गुडघा आपटून मराठीत शिवी दिली. शेजारचा जाड भिंगांचा चष्मा घातलेला माणूस शांतपणे म्हणाला, "स्वल्प सरका इकडं. आणि असलं सकाळी बोलू नये." त्या रविवारी त्यांनी मला घरी जेवायला नेलं. नंतर प्रत्येक रविवारी. त्यांच्या पत्नी सरोजाक्का. त्यांना मूलबाळ नव्हतं. मी गेलो की त्या आतूनच विचारायच्या, "ऊट व्हायचं आहे ना?" ऊट म्हणजे जेवण. 'झालंय' असं उत्तर त्या घरात चालत नसे.

अण्णांच्या हाताखालून गेलेला भाग गिऱ्हाइकाकडून परत आला असं कधी झालं नव्हतं. माप घ्यायला उपकरणं होतीच, पण ते आधी भाग उजेडासमोर धरून एक डोळा मिटून बघायचे आणि म्हणायचे, "हा जाड आहे." मग उपकरण लावलं की तो केसाच्या दहाव्या हिश्श्यानं जाड निघायचा. संध्याकाळी ते घराजवळच्या मैदानावर बॉल बॅडमिंटन खेळायचे. लोकरीचा पिवळा चेंडू, पाच-पाच जणांचे संघ. या गावातला जुना खेळ. अण्णा मागच्या ओळीत उभे राहायचे. चेंडू कुठं पडणार हे त्यांना तो जाळीवरून येण्याआधीच कळत असावं, कारण ते कधी धावताना दिसत नसत.

त्या डिसेंबरात एक जर्मन गिऱ्हाईक आठवडाभर कारखान्यात होता. त्याला जीएमपेक्षा, माझ्यापेक्षा अण्णा आवडले. दोघांचं इंग्रजी मोडकं, पण एखादा भाग मधे ठेवून ते तासन्‌तास बोलत बसायचे. शनिवारी तो म्हणाला की उद्या गोल्फला श्रीपादनाही आणा. जीएमनी मला बोलावून सांगितलं की अण्णांना घेऊन ये आणि येताना रस्त्यात कसं वागायचं ते नीट समजावून दे.

अण्णांना यायचं नव्हतं. सरोजाक्कांनी आदल्या दिवशी दोन किलो अवरेकाई आणली होती. रविवारी सकाळी बसून दोघं ती सोलणार होते. अण्णा मला म्हणाले, "मी तिथं काय करू? मला त्यातलं गोत्त नाही काही." मी म्हणालो, फक्त बरोबर चालायचं आहे, मी आहे ना. खरं म्हणजे ते यावेत असं मला फार वाटत होतं. ज्या घरानं मला जेवू घातलं त्या माणसाला माझी तिथली ऐट दिसावी, हा त्यामागचा खरा विचार होता.

सकाळी सहाला मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून निघालो. कानाला मफलर, अंगात सरोजाक्कांनी विणलेला मातकट स्वेटर. हेब्बाळच्या तळ्यावर धुकं इतकं दाट होतं की पाणी दिसत नव्हतं, नुसता पाणपक्ष्यांचा आवाज. त्या थंडीत, वाऱ्यावर ओरडून, मी त्यांना गोल्फचे नियम सांगितले. कॉलरचा शर्ट हवा, तो त्यांनी घातला होता. जोरात बोलायचं नाही. मारलेल्या चेंडूवर लक्ष ठेवायचं, कारण चेंडू हरवतात. उभं कुठं राहायचं हे सांगायला लागलो, तर आडवी-उभी रेष, मागचं-पुढचं अंग हे काही त्या वाऱ्यात समजावता येईना. मी म्हणालो, "तुम्ही सरळ माझ्याजवळ उभे राहा. मी करीन तसं करा."

"सरी," अण्णा म्हणाले. म्हणजे बरं.

चार होल ते माझ्याजवळ उभे राहिले. पाचवं होल अगदी जवळचं होतं, टीवरून समोर हिरवा गोल आणि त्यातला झेंडा दिसत होता. धुकं तोवर विरलं होतं आणि निलगिरीच्या शेंड्यांआडून ऊन आलं होतं. हिवाळ्यातलं आठ वाजताचं ऊन, जमिनीला लागून येणारं. सावल्या माणसांच्या तिप्पट लांब. जीएम लोखंडी क्लब घेऊन मारायला उभे राहिले. ऊन आमच्या पाठीवर होतं, आणि अण्णांची सावली गवतावरून जाऊन बरोबर चेंडूवर पडली होती.

जीएमनी मान वर न करता डावा हात हलवला. सरका. एवढंच.

अण्णा ओशाळले. मोठ्या माणसाचा खोळंबा आपल्यामुळे झाला, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं. मागं यायचं ते पुढं गेले. भराभर सहा-सात पावलं, पुढं आणि उजवीकडे. सावली चेंडूवरून निघून गेली. जीएमनी ते पाहिलं आणि ते पुन्हा चेंडूकडे बघू लागले. त्यांनी सावली गेलेली पाहिली. माणूस कुठं गेला ते पाहिलं नाही. अण्णा तिथं थांबले आणि आमच्याकडे पाठ करून झेंड्याकडे बघू लागले. चेंडूवर लक्ष ठेवायचं, हे मीच सांगितलं होतं.

ती जागा चुकीची आहे हे मला दिसलं. गोल्फमध्ये सगळ्यात धोक्याची तीच जागा. चेंडू क्लबच्या पात्याला न लागता दांड्याच्या सांध्याला लागला, तर तो सरळ जात नाही, उजवीकडे बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. मला हे माहीत होतं. मुनियप्पा नावाचा साठीतला कॅडी जीएमची पिशवी धरून उभा होता, त्यालाही माहीत होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. जर्मन पाहुणा पलीकडे आपला क्लब पुसत होता. आमच्या चौघांत अण्णांना हाक मारू शकेल असा मीच होतो. जीएमचे खांदे वळायला लागले होते. माझी मूठ खिशातल्या किल्ल्यांवर होती.

आवाज दोन झाले. पहिला क्लबचा, बोथट. दुसरा कसा होता ते मी लिहिणार नाही.

अण्णा खाली बसले. पडले नाहीत, बसले, जेवायला बसावं तसे. हातांनी उजवा डोळा झाकला होता आणि बोटांतून रक्त येत होतं. चष्म्याची एक काच शाबूत गवतावर पडली होती. दुसरी फुटली होती, आणि फुटलेली कुठं गेली हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. जीएम क्लब टाकून धावले, आपला स्वच्छ टॉवेल त्यांच्या चेहऱ्याला धरून ठेवला, स्वतःच्या गाडीत घालून स्वतः चालवत त्यांना डोळ्यांच्या इस्पितळात नेलं. सगळं त्यांनी केलं. गाडी निघाल्यावर मुनियप्पा माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाला, "हेळबेकित्तु, सार." सांगायला हवं होतं, साहेब. सांगितलं त्यानंही नव्हतं. पण त्याचं पोट त्या गप्प राहण्यावर होतं. माझं नव्हतं.

सरोजाक्कांना आणायला मी स्कूटरवर गेलो. दार उघडलं तेव्हा त्यांच्या बोटांना अवरेकाईचा वास येत होता. ओसरीत वर्तमानपत्रावर सालांचा ढीग होता. मी म्हणालो, अण्णांना थोडं लागलंय. थोडं हा शब्द मी का वापरला कोण जाणे. त्यांनी हात धुतले नाहीत, तशाच निघाल्या. इस्पितळाच्या बाकावर चार तास आम्ही शेजारी बसलो आणि चारही तास तो वास माझ्या नाकात होता. दुपारी डॉक्टर बाहेर आले आणि डोळा वाचवता येणार नाही म्हणाले. सरोजाक्का ऐकत राहिल्या. डॉक्टर गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "तुम्ही कुठं उभे होते हो?"

त्यांच्या आवाजात आरोप नव्हता. त्यांना फक्त ते मैदान डोळ्यांपुढं आणायचं होतं. आपला माणूस कुठं होता, बाकीचे कुठं होते.

मी म्हणालो, "मागं. जिथं उभं राहायचं असतं तिथं."

"सरी," त्या म्हणाल्या. पुन्हा कधी त्यांनी विचारलं नाही.

चार दिवसांनी जीएमनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांचे डोळे लाल होते, ते झोपले नसावेत. मुख्य कचेरीला कळवायचं होतं. ते म्हणाले, "तू जे पाहिलंस तेवढंच लिही. मत नको." मी सात ओळी लिहिल्या. श्री. श्रीपाद हे पाहुणे म्हणून आले होते. त्यांना खेळाची माहिती नव्हती. ते टीच्या पुढे सुमारे सात पावलांवर, उजव्या बाजूला उभे होते. ती जागा नियमाप्रमाणे उभं राहण्याची नाही. त्या सात ओळींत एकही खोटी ओळ नव्हती. हात हलवल्याचं मी लिहिलं नाही. मला दिसत होतं आणि मी हाक मारली नाही, हेही नाही. जीएमनी कागद दोनदा वाचला. त्यांना हात हलवल्याचं आठवत होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. दोघंही नियमाप्रमाणे उभे होतो.

तो कागद अण्णांच्या सहीसाठी मलाच घरी न्यावा लागला. ते खाटेवर बसले होते, अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी. कागद डाव्या डोळ्याच्या अगदी जवळ नेऊन त्यांनी सावकाश वाचला. मग पेन मागितलं. 'सात' या शब्दावर रेघ मारली आणि वर 'साडेसहा' लिहिलं. आणि खाली सही केली.

त्या वर्षी संक्रांतीला त्यांच्याकडे एळ्ळु-बेल्ल केलं नाही. तीळ, गूळ, खोबऱ्याचे तुकडे, शेंगदाणे हे इथं एकत्र करून वाटतात आणि ते खाऊन चांगलं बोला म्हणतात. शेजारच्या घरातून एक डबी आली होती, ती ओट्यावर तशीच होती. मी गेलो तेव्हा सरोजाक्का अण्णांना कॉफी ओतायला शिकवत होत्या. एका डोळ्यानं अंतर कळत नाही, हे मला तेव्हा कळलं. अण्णा पेल्यातून वाटीत कॉफी ओतायचे ती बरोबर बोटभर अलीकडे पडायची. केसाच्या दहाव्या हिश्श्याचं माप सांगणारा माणूस. त्या फडक्यानं पुसायच्या आणि म्हणायच्या, "पुन्हा." ते पुन्हा ओतायचे. मी भिंतीला टेकून बघत होतो. काही करण्यासारखं नव्हतं.

फेब्रुवारीत ते कामावर आले. तपासणीत एका डोळ्याचा माणूस ठेवता येत नाही असं ठरलं आणि त्यांना कागदपत्रांच्या खोलीत बसवलं. जुनी ड्रॉइंग्ज क्रमानं लावायची. माझ्या सात ओळींमुळे मुख्य कचेरीनं त्यात आणखी काही पाहिलं नाही. माणूस खासगी सहलीला गेला होता आणि चुकीच्या जागी उभा होता, एवढ्यावर प्रकरण मिटलं. कारखान्यातही तेच झालं. बसमध्ये, जेवणाच्या रांगेत लोक हळहळायचे आणि हळहळून झालं की म्हणायचे, पण तिथं उभं राहायला कुणी सांगितलं होतं? अण्णा जवळ असले तर तेही मान हलवायचे. म्हणायचे, "मलाच कळलं नाही."

ते 'मलाच' ऐकलं की मी बसच्या खिडकीतून बाहेर बघायचो. होसूर रोडवर तेव्हा दोन्ही बाजूंना मोकळी शेतं होती, सकाळच्या उन्हात बोरवेलचं पाणी चमकायचं. मी शेतं बघायचो.

पुढं मी आयुष्यात खूप बैठकांना बसलो, खूप मोठ्या माणसांच्या आजूबाजूला उभा राहिलो. कुठं थांबावं, कधी गप्प बसावं, कुणाच्या उजेडात येऊ नये हे मला चांगलं जमतं, आणि त्यावर मी बराच वर चढलो. शिष्टाचार माणसाला दुसऱ्याच्या अडचणीची जाणीव देतो, असं म्हणतात. देतही असेल. मला त्यानं एक सोयीचं आडोशाचं ठिकाण दिलं. नियम पाळणारा माणूस काही करत नसतो, म्हणून त्याच्या हातून काही झालं असं कुणाला म्हणता येत नाही. त्याला स्वतःलासुद्धा म्हणायला फार वर्षं लागतात.

गोल्फ मी त्यानंतरही आणखी एक हिवाळा खेळलो. हे लिहायला लाज वाटते. महिनाभर मैदानावर कुणी गेलं नाही, मग बोलावणं आलं आणि मी गेलो. पाचव्या होलवर सगळे जरा जास्त गप्प झाले, एवढंच. मुनियप्पा तिथं पिशवी खाली ठेवून उभा राहायचा आणि माझ्याकडे बघायचा नाही. नंतर जीएमची बदली झाली आणि खेळणं आपोआप सुटलं. मी सोडलं नाही, सुटलं.

अण्णांनी दोन वर्षांत नोकरी सोडली. संध्याकाळी ते मैदानावर जायचे, पण बाहेर दगडावर बसून बघायचे. एकदा पिवळा चेंडू उसळून त्यांच्या बाजूला आला. फार जोरात नव्हता, लोकरीचाच. अण्णांनी दोन्ही हात चेहऱ्यापुढं धरले आणि चेंडू पडून घरंगळत लांब गेल्यावरही ते हात तसेच होते. खेळणाऱ्यांतला एकजण येऊन "अण्णा, एन इल्ल" म्हणाला, काही नाही, काही नाही, आणि त्यानं ते हात खाली घेतले. मी पलीकडच्या रस्त्यावर स्कूटर थांबवून हे पाहिलं आणि त्यांना न भेटता निघून गेलो.

त्या आठवड्यात मला झोप लागली नाही. व्हाइटफील्डला एका नव्या कंपनीत माझं काम ठरलं होतं. मल्लेश्वरम सोडून जायचं होतं. सांगितल्याशिवाय गेलो तर आयुष्यभर सांगणार नाही, हे कळत होतं. रविवारी सकाळी गेलो. १९९९च्या डिसेंबरातली गोष्ट. सरोजाक्का आत स्वयंपाकात होत्या. अण्णा ओसरीत उन्हात बसले होते. मी त्यांच्या डाव्या बाजूला बसलो, म्हणजे त्यांना मी दिसावा, आणि सगळं सांगितलं. जीएमनी हात हलवला होता. तुम्ही पुढं गेलात ते मला दिसत होतं. चेंडू तिकडे येऊ शकतो हे मला माहीत होतं. मी हाक मारली नाही, कारण आदल्या एका रविवारी मला सगळ्यांपुढं बोलणी बसली होती. आणि कागदात यातलं काही लिहिलं नाही.

अण्णांनी मधे तोडलं नाही.

"तुम्ही हाक मारली होती की," ते म्हणाले.

मला कळेना.

"अर्धी मारली. 'अण्' म्हणाला तुम्ही. मला ऐकू आलं. पुढं काय म्हणताहेत बघावं म्हणून मी मान वळवली." त्यांनी उजव्या बाजूला मान वळवून दाखवली, एखादा भाग कसा वळतो ते दाखवावं तशी. "पूर्ण मारली असती तर मी खाली बसलो असतो. मारलीच नसती तर डोक्याच्या मागं लागलं असतं. चार दिवस दुखलं असतं."

माझ्या तोंडून तो आवाज निघाला होता हे मला आठवत नव्हतं. मी आजही आठवून बघतो. किल्ल्या आठवतात, मुनियप्पाचे डोळे आठवतात. तो आवाज नाही.

मी कसंबसं विचारलं, मग कागद आणला तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत. अण्णा म्हणाले, "कागदात खोटं काही नव्हतं. अपुरं होतं. अपुरं माप मी कधी पास केलं नाही. ते एक केलं. तुम्ही गाव सोडून आलेले, लहान होता."

मी उठलो. म्हणालो, आत जाऊन अक्कांना सांगतो. अण्णांनी माझं मनगट धरायला हात पुढं केला. तो आधी बोटभर अलीकडेच, हवेत बंद झाला. दुसऱ्यांदा त्यांनी धरलं.

"बेड," ते म्हणाले. नको. "तिला सांगितलं की तुमचं ओझं उतरेल, ते सरी. पण ती दर रविवारी तुमचं पान मांडते. ते तिनं कुणासाठी मांडायचं मग? तुम्हाला गप्प राहायला येतं. राहा."

आतून सरोजाक्कांनी हाक दिली. जेवण तयार होतं. आम्ही आत गेलो. पानं मांडली होती, तीन. त्यांनी विचारलं की एवढा वेळ दोघं काय बोलत होता. अण्णा पाटावर बसता बसता म्हणाले, "काही नाही. कारखान्यातलं जुनं."

मी हात धुतले आणि माझ्या पानावर बसलो. सरोजाक्का भात वाढू लागल्या. आणखी का, म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली, आणि त्या वाढत राहिल्या.